माशाचा जार

दादा,

परवा तू गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. अंगणातला मांडव पुरला नाही इतकी माणसं आली, आणि त्यातल्या निम्म्यांनी मला तेच ऐकवलं, "लई शांत माणूस. कधी कुणाला दुखवलं न्हाई." मी मान हलवत राहिले. तू शांत होतास हे खरं. पण तो काही सद्गुण नव्हता, निदान माझ्याशी वागताना तरी नव्हता, आणि ते मी आज तुला नीट सांगणार आहे. मध्ये बोलू नकोस असंही म्हणायची गरज नाही. तू तसाही बोलणाऱ्यातला नव्हतास.

तुमच्या कॉलेजचे लोक आले होते. एका प्राध्यापकांनी माईक हातात घेतला. म्हणाले, आमच्या मामांनी तीस वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत निष्ठेनं सेवा केली, वेळेवर यायचे, कपाटाच्या चाव्या कधी हरवल्या नाहीत. चाव्या! ज्या माणसानं उदगीरसारख्या गावात, आणि तेही भर दुष्काळात, समुद्रातला मासा सव्वा वर्ष जिवंत ठेवला, त्याच्याबद्दल बोलायला यांना चाव्या सापडल्या. माशाचा विषय निघाला तो जेवणाच्या पंगतीत, आणि तोही हसण्यावारी. "मामाला मधी माशाचं येड लागलं होतं बगा." मी वरण वाढत होते. ते भांडं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उपडं केलं नाही, एवढं तुझ्यासाठी केलं. ते सगळे 'सर' आणि तू 'मामा'. तुझ्याकडून शिकून वर्गात शिकवायचे, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

पण त्यांच्यावर चिडायला मला आयुष्य पडलंय. आज मला तुझ्याशी बोलायचंय. तो मासा मी मारला, दादा. आठ वर्षं झाली. तुला हे सांगायचं राहून गेलं, असं मी परवा दुपारपर्यंत समजत होते.

सुरुवात तुझ्या त्या काचेच्या बरण्यांपासून झाली होती. तीस वर्षं तू त्या पुसल्यास. फॉर्मॅलीनमध्ये बुडवलेले मासे, सगळे पिठासारखे पांढरे, डोळे सुद्धा. एक दिवस हंडरगुळीकडच्या एका मुलीनं तुला विचारलं, "मामा, समुद्रातले सगळे मासे पांढरेच असतात का?" सर लोक हसले. तू घरी येऊन जेवला नाहीस. मला म्हणालास, "सुजा, बी.एस्सी.ला हाय ती. परीक्षेत माशांची नावं लिहून पास होईल. आन् तिला वाटून राहिलंय की समुद्रात मढी पोहतेत." तेव्हा तुला इतकं लागलेलं मी बघितलं, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता आपल्या घरात काहीतरी येणार.

आलं. हैदराबादच्या गाडीतून, थर्माकोलच्या डब्यात, हवा भरलेल्या पिशवीत. मांडीवर डबा घेऊन तू जनरलच्या डब्यात बसून आलास आणि कुणाला त्यावर कोपरही टेकू दिलं नाहीस. दुकानदारानं तुला आधीच बजावलं होतं. त्याची नक्कल तू किती वेळा केली असशील, "नक्को लेओ मियाँ, ये मछली तुम्हारे उधर नै जीती." तुला तेवढंच पुरलं. तुझ्या शांतपणाच्या खाली केवढा हट्ट होता हे त्या परवाच्या मांडवात कुणालाच माहीत नव्हतं.

मँडरीन म्हणायचे त्याला. बोटाएवढा जीव. निळ्या अंगावर नारिंगी वळणं, हिरवे ठिपके, तांड्यावरच्या बायांच्या ओढणीसारखा. पोहायचा कमी आणि दगडावरून टुणटुणत चालायचाच जास्त. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाले, हा खरा नाही, कुणीतरी बसून रंगवलाय. कॉलेजच्या मुली गटागटानं घरी यायला लागल्या. त्या हंडरगुळीच्या मुलीला तू सगळ्यात आधी आणलंस. ती काचेपाशी उकिडवी बसली आणि उठेचना. त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर जे होतं, ते बघायला मिळालं म्हणून मी तुझी आभारी आहे. हेही सांगायचं राहिलं होतं, ते इथेच सांगून टाकते, कारण पुढे मी पुन्हा चिडणार आहे.

त्याचे लाड काय सांगावेत. बाजारातलं सुकं खाणं तो हुंगायचा सुद्धा नाही. त्याला जिवंत लागायचं, तिळाच्या दाण्याहून बारीक किडे. मग तू खिडकीत रिकाम्या बाटल्यांची रांग लावलीस, त्यात हिरवं पाणी, त्या हिरव्या पाण्यावर ते किडे वाढवायचे आणि मग ते माशाला. माझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत मला कोथिंबीर ठेवायला जागा उरली नाही. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून माशाच्या काचेच्या टाकीच्या तोंडावर पंखा. वीज गेली की हातपंख्यानं वारा घालायचा, आणि बर्फ केलेली बाटली पाण्यात सोडायची. टाकीतल्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवलेलं, दर सकाळी काचेच्या नळीतला तरंगता काटा बघून त्याचं प्रमाण वहीत लिहायचास.

आणि सगळ्यात मोठं ते पाणी घालणं. तू मला दहा वेळा समजावलं होतंस, "पाणी आटतंय तवा मीठ मागंच राहतंय, सुजा. नुसतं पाणी उडून जातंय. म्हणून वरून घालायचं ते गोडं पाणी, आन् तेबी हळू. एकदम वतलं की त्याचा जीव घाबरा होतो." त्यासाठी तू सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या सिस्टरकडून नवी सलाईनची नळी आणलीस. जार उंचावर ठेवायचा, नळीची चकती फिरवून धार बारीक करायची, आणि थेंब थेंब दिवसभर. घरात कुणी आजारी नसताना दिवसभर सलाईन चालू असलेलं आपलं एकच घर असेल.

मग ते वर्ष आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. आपल्या गल्लीत नवव्या दहाव्या दिवशी टँकर यायचा. लोकांनी बॅरलांना साखळ्या घालून कुलपं लावली. भांडी मातीनं घासायची, अंघोळीचं पाणी घमेल्यात उभं राहून धरायचं आणि तेच संडासात टाकायचं. तू चौथ्या दिवशी ओल्या फडक्यानं अंग पुसायचास. प्यायला जारचं फिल्टरचं पाणी मिळायचं, दर घराला मोजके जार. तुझ्या वाट्याचा जार तू माशाला दिलास आणि स्वतः टँकरचं वासाचं पाणी प्यायलास. त्या जारवर प्रयोगशाळेतली चिठ्ठी चिकटवली होतीस, तुझ्या ठळक अक्षरात, 'मासा'.

गल्लीला ते कळायला वेळ लागला नाही. समोरच्या बिरादारकाकू ओट्यावर बसून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "माणसाला प्यायाला पाणी न्हाई अन् ह्यांच्या घरात मासा पोहून राहिलाय." एक नगरसेवक चार माणसं घेऊन पाहणी करायला आला. टाकीत वाकून बघितलं आणि विचारलं, "खायचा हाय का ह्यो?" तू म्हणालास, नाही. "मंग उपेग काय?" तू त्याला खुर्ची दिलीस, पाणी दिलंस. मला आजही तळपायाची आग मस्तकात जाते. ज्याच्या बंगल्यापुढची जीप त्या दुष्काळात रोज सकाळी धुतली जायची, तो आपल्या घरी येऊन पाण्यावर बोलला आणि तू त्याला आपलं पाणी दिलंस. जाताना तो तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "उदगीर जिल्हा व्हऊ द्या मामा. मंग सरकारी खर्चानं मत्स्यालय करू." आणि तू वेड्यासारखा खूश झालास.

त्या वर्षी पुन्हा नवीन जिल्ह्याची हवा होती. दर वर्षीसारखीच, पण जरा जोरात. कुणी म्हणे कागद मंत्रालयात पोहोचलाय, कुणी म्हणे पाटीसुद्धा रंगवून तयार आहे. तू वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलंस. जिल्ह्याचं विज्ञान केंद्र, त्यात एक खोली समुद्राची, पाच टाक्या, आणि समोर मुलांना बसायला सतरंजी. मी म्हणाले, "दादा, आधी नळाला पाणी येऊ दे." तू म्हणालास, "ते बी येईल की, जिल्हा झाल्यावर." तुला उल्लू बनवणं इतकं सोपं होतं. आणि मी ते चित्र बघून तुला हसले, त्याबद्दल मला आता स्वतःचाच राग येतोय.

आपलं भांडण झालं ते त्यानंतर. खरं तर मी भांडले, तू ऐकलंस. मी शाळेतून आले होते. माझ्या वर्गातल्या पोरी पाण्याच्या रांगेत उभ्या राहतात म्हणून दुपारनंतर शाळेत येत नव्हत्या. मी तुला म्हणाले, "लोकं तहानलेली असताना मासा पाळणं शोभतं का? मला गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस." तू बराच वेळ नळीची चकती फिरवत राहिलास. मग म्हणालास, "आपल्या आज्ज्याला आडावर चढू देत नव्हते. वरून वतायचे त्याच्या वंजळीत. त्यांनाबी वाटायचं, ह्यांना आडावर येणं शोभत न्हाई. कुणाला पाणी शोभतं आन् कुणाला न्हाई, ते मी ठरवणार न्हाई. ह्याला मी आणलंय. आणल्यावर पाणी द्यावंच लागतं." मी म्हणाले, आज्जा माणूस होता. तो वाद तिथेच राहिला. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं, आणि अजूनही वाटतं की तुझं बरोबर होतं. तू असतास तर आणखी वीस वर्षं आपण तो घातला असता.

दुसऱ्या दिवशी तू टँकरची चौकशी करायला गेला होतास. बिरादारकाकू दारात आल्या. ज्या कधी आपल्या घरात आल्या नव्हत्या त्या, हातात झाकणाची कळशी घेऊन. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती, लेकरू दीड महिन्याचं. मान खाली घालून म्हणाल्या, "सुजाताताई, असंल का वो थोडं पाणी, प्यायाजोगं? लेकराचं वरचं दूध करायचंय. टँकरच्या पाण्याला लई वास मारून राहिला." आपल्या प्यायच्या जारमध्ये तळाला तांब्याभर होतं. तुझा भरलेला होता. मी 'मासा' लिहिलेला जार उचलला आणि त्यांची कळशी भरून दिली, वर आपला एक तांब्या भरून आणखी. हे मी केलं त्याचा मला आजही जराही पश्चात्ताप नाही.

पुढचं मात्र माझं पाप आहे. जार निम्म्याहून रिकामा दिसायला लागला. तू विचारशील, मग सांगावं लागेल, मग तू 'बरं केलंस' म्हणशील आणि कालच्या भांडणात तूच मोठा ठरशील. मला ते नको होतं. मी बॅरलमधलं टँकरचं पाणी त्यात ओतलं. तुझा नियम मला पाठ होता. टँकरच्या पाण्यात ब्लिचिंग असतं, माशाचे कल्ले त्यानं जळतात, ब्लिचिंग मारणारे हायपोचे थेंब टाकल्याशिवाय ते घालायचं नाही. सगळं माहीत होतं. थोड्यानं काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. तू आलास. घामाघूम होतास. टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं. रोज जार हुंगून बघणारा तू, त्या दिवशी चिठ्ठी बघितलीस आणि नळी लावलीस. घरातल्याच माणसानं भरलेल्या जारवर तू कशाला संशय घेशील?

तो उरलेला सबंध दिवस मी त्या थेंबांकडे बघत होते, दादा. पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या करताना. प्रत्येक थेंबाला वाटायचं, आता सांगावं. दोन शब्दांचं काम होतं. तू उठून नळी काढली असतीस, कॉलेजातून हायपोची बाटली आणली असतीस, आणि सगळं निभावलं असतं. पाणी दिल्यानं तुझा मासा मेला नाही. मी गप्प बसले म्हणून मेला.

दुसऱ्या दिवशी तो दगडावरून चालेना. कोपऱ्यात तोंड वर करून राहिला. संध्याकाळी तू अचानक सायकल काढलीस, कॉलेजात गेलास आणि खिशात काहीतरी घेऊन आलास. मी विचारलं काय आणलं, तर म्हणालास, "असंच." तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. सरांचा निरोप आला की बरणीत घालून द्या, विभागाला नमुना होईल. उभ्या नोकरीत तू त्यांना एकदाच नाही म्हणालास. "पांढरा करू देणार न्हाई मी त्याला." पेरूच्या झाडाखाली पुरलास. वहीत लिहिलंस, 'पाणी न तपासता घातले. चूक माझी.' ती वही मी वाचली आणि मिटून ठेवली. नंतर तू कधी मासा आणला नाहीस, आणि मी कधी का म्हणून विचारलं नाही.

आता परवाचं ऐक. पंगती उठल्यावर बिरादारकाकू माझ्यापाशी येऊन बसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "ताई, त्या दुष्काळात तुम्ही पाणी दिलं, नात आता तिसरीत हाय माझी. मी दुसऱ्याच दिशी सांजच्याला दादांना गाठून सांगितलं बगा. म्हणलं, तुमच्या माशाच्या वाट्याचं आमच्या लेकराला दिलं ताईंनी. तर म्हणले, लई बरं केलं तिनं. आन् म्हणले, मला कळलंय हे तिला सांगू नका. म्हणून आजवर बोलले न्हाई मी."

मांडवात बसूनच मला सगळं दिसलं. सायकल, खिशातली बाटली, 'असंच'. म्हणजे तुला कळलं होतं. तू त्या पाण्यात हायपो टाकलंस, उशीर झालाय हे माहीत असून टाकलंस, मग आत येऊन माझ्या हातचं जेवलास आणि वहीत स्वतःची चूक लिहिलीस. माणसं याला मोठेपणा म्हणतील. काकू म्हणाल्याच. मी म्हणत नाही. आठ वर्षं मी त्या पेरूचं एक फळ खाल्लं नाही. आठ वर्षं तुझ्या ताटात जरा जास्त वाढलं, तुझे शर्ट जरा जास्त कडक इस्त्री केले, आणि तू ते सगळं समजून उमजून घेत राहिलास. तुला काय वाटलं, मी कोलमडून पडेन? की पुढच्या वेळी कुणाला पाणी देताना माझा हात आखडेल? मला विचारायचं होतंस. मी ओरडले असते, रडले असते, दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी तुझ्याच पैशानं तुला हैदराबादला दुसरा मासा आणायला पिटाळलं असतं. तू मला माफ केलंस, आणि ते मला सांगितलं सुद्धा नाहीस. असली माफी मला नको आहे.

सुरुवात मी केली, हे मला मान्य आहे. गप्प बसायची आपल्या घराण्यालाच खोड. माणसाला त्रास नको म्हणून सांगायचं नाही. आणि तू तेच शेवटपर्यंत केलंस. डॉक्टरांनी तुला बघून मला विचारलं, छातीत कधीपासून दुखतंय? मी म्हणाले, आत्ता तासाभरापासून. तेव्हा तू, घामानं निथळत, दोन बोटं वर केलीस. दोन दिवस. दोन दिवस तू जिरं चघळत पित्त झालंय म्हणत फिरलास. डॉक्टर म्हणाले, जिल्ह्याला न्या. जिल्हा म्हणजे अजूनही लातूरच. तुझी ती पाटी कुठे रंगवून पडली असेल तिथेच आहे. गाडी नळेगावच्या अलीकडे होती तेव्हा तू माझा हात सोडलास. ज्यांनी जिल्ह्याच्या नावावर इतकी वर्षं मतं घेतली त्यांच्या नावानं मी त्या रस्त्यावर जे बोलले, ते तुला ऐकू आलं नाही हे बरं झालं.

पण त्यांचा नंबर नंतर. आधी तू. दवाखान्यात नेलं त्या दुपारी तू बाहेरच्या खाटेवर पडून होतास आणि मी पोरींच्या वह्या तपासत होते. मी दोनदा विचारलं, बरं वाटतंय का? दोन्ही वेळा तू 'हाव' म्हणालास. दुखत होतं तर हाक मारायची होतीस, दादा. मी पलीकडच्याच खोलीत होते.